आकस

उद्यमनगरात एकतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले.
आमची पट्टी खोटी असते.
शंभर लिहिलेलं असतं तिथं
खरं म्हणजे एकशे एक भरतं,
कारण बीड थंड होताना अंग चोरतं.
तेवढा आकस आधीच धरून ठेवायचा,
मग नग बरोब्बर येतो.

डाव्या गालात तंबाखूची चिमूट,
उजवीकडं ओठांत खिळे.
रोग डावीकडं झाला.
मालन म्हणाली, खिळ्यांनी काय वाकडं केलं नाही बघा तुमचं.

डॉक्टर चौगुलेबाईंनी बोटानं दाखवलं,
जबड्याचा इथून इथवर तुकडा जाणार.
पायातलं बारकं हाड त्या जागी येणार,
तीन तुकडे करून, वळण देऊन.
माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो मिस्त्रीचा:
सांध्याचे कोन कोण काढणार?

त्या हसल्या नाहीत.
बाहेरच्या कंपनीचं कोटेशन पुढं सरकवलं.
माझा बँडसॉ, रंधे, मालनच्या पाटल्या
सगळं फुंकलं असतं तरी
आकडा उरलाच असता.
"इथंच करू," म्हणाल्या.

इथंच म्हणजे एक्स-रेच्या बंद पडलेल्या डार्करूममध्ये,
शिकलगारांचा इरफान.
परवापर्यंत शिरोलीत पंपाच्या बॉड्या काढत होता.
पणजा तलवारींना धार लावायचा,
हा करवतीला वाट दाखवतो.
फुकटचं सॉफ्टवेअर, मिक्सरएवढा प्रिंटर,
आणि स्क्रीनवर माझा जबडा, दातांसकट, गरगर.

चांगली उजवी बाजू त्यानं आरशातल्यासारखी उलटी केली,
डावीवर नेऊन बसवली.
मग पायाचं हाड ओढलं,
घोट्याजवळचं चार बोटं सोडून.
"तेवढं ठेवायलाच लागतंय मामा, न्हाईतर घोटा डगमगतो."
हाडावर एक पिवळट खोळ चढवली,
तिला तिरक्या चिरा, करवत जायला.
मी म्हटलं, अरे ही तर जिग.
म्हणाला, जिगच की.

आकस किती धरलास?

तो थांबला. पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बघितलं.
"रेझिनचा धरलाय. छापलं, मोजलं, परत छापलं.
तुमचा न्हाई धरला.
हाड आकसत न्हाई, मामा."

हातात घेऊन बघितली. आतून खरबरीत.
काचकागद मागितला, दिला नाही.
गुळगुळीत करायच्या नादात
मी अर्धा मिलिमीटर खाल्ला असता,
हे त्या पोराला बरं माहीत होतं.

नऊ तासांतलं मला काही ठाऊक नाही.
मालनला ठाऊक आहे.
बाकड्यावर बसून तिनं दोन किलो शेंगा सोलल्या,
खायला कुणीच नव्हतं.

आता तोंडात पोटरीचं कातडं आहे.
त्यावर केस येतात.
पॅटर्न म्हणायला गेलो की प निसटतो.
चहा ओघळतो ते मला
समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं.
आणि पाय थोडा ओढतो,
उसनं दिलेलं परत येणार नाही
हे उमगलेल्या माणसासारखा.

वापरलेली जिग देत नाहीत.
इरफाननं दुसरी छापून दिली,
ती फळीवर ठेवलीय, व्हॉल्व्हच्या पॅटर्नशेजारी.
त्यांच्यावर शेकडो नग निघाले.
हिच्यावर एकच,
आणि तो घरी भाकरी दुधात कुस्करून खातो.

काल दुकानात ओठांत खिळा धरला, उजवीकडं.
मग दुसरा.
तिसरा सवयीनं डावीकडं गेला
आणि आहे की पडला, कळेना.
भुशात गुडघ्यांवर बसून शोधत राहिलो.
मालन डबा घेऊन आली, बघत उभी राहिली,
मग वाकून
माझ्याच ओठांतला खिळा काढून
तळहातावर ठेवला.